माजी कर्णधार संघात परतला, तर त्याचं करायचं काय?

२३ जानेवारी २०२५, गुरुवार. नाशिकच्या गोल्फ क्लबवर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, महाराष्ट्र विरुद्ध बडोदा हा रणजी सामना सुरू झाला. महाराष्ट्राचा कर्णधार होता ऋतुराज गायकवाड. एरवी नाशिककरांसाठी त्या दिवसाची क्रिकेटची मोठी बातमी हीच असायची. पण त्याच सकाळी मुंबईत बीकेसीच्या मैदानावर दुसरा एक रणजी सामना सुरू झाला होता आणि देशभरातले मोबाइल तिकडे वळले होते. मुंबईकडून सलामीला उतरला होता रोहित शर्मा. भारताचा कसोटी आणि वनडेचा कर्णधार २०१५ नंतर पहिल्यांदाच रणजी खेळत होता. समोर जम्मू-काश्मीरचा संघ. रोहित ३ धावांवर बाद झाला, उमर नझीरच्या चेंडूवर. काही मिनिटांत क्लिप सगळीकडे फिरली, मीम्स आली आणि 'आता निवृत्त हो' सुरू झालं.

त्या गोंधळात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली. भारताचा कर्णधार त्या दिवशी साधा खेळाडू होता. मुंबईचा कर्णधार होता अजिंक्य रहाणे.

म्हणजे बघा, दीड वर्षापूर्वी, जुलै २०२३ मध्ये, वेस्ट इंडीज दौऱ्यावर रोहित भारताचा कर्णधार होता आणि रहाणे उपकर्णधार. त्यानंतर रहाणेला भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. आता तोच रहाणे रोहितला क्षेत्ररक्षणासाठी इकडे उभा राहा, तिकडे जा, असं सांगत होता. आणि रोहित ज्या कारणासाठी रणजीत आला होता, म्हणजे 'मी अजून संपलेलो नाही' हे दाखवायला, त्याच कारणासाठी रहाणे गेली दोन-तीन वर्षं रणजी खेळत होता.

एका संघात दोन कर्णधार असले की ड्रेसिंग रूममध्ये ठिणग्या पडतातच, असं आपण गृहीत धरतो. कोणी कोणाशी हात मिळवला नाही, कोण कोणाकडे न बघता निघून गेला, यावर रील बनतात. सूत्रांच्या हवाल्याने येणाऱ्या बातम्या तर रोजच्या. पण जुनी प्रकरणं नीट तपासली तर वेगळंच दिसतं. ज्येष्ठ खेळाडूचं पुनरागमन धावांमुळे होतं हे खरं. ते टिकतं किंवा फसतं ते मात्र एका साध्या प्रश्नावर: तू आम्हाला नेमका कशासाठी हवा आहेस, हे त्याला कोणी सांगितलं का? आणि आपल्याकडे हे सांगण्याची जबाबदारी कोणा एकावर नाही. खरी अडचण ही आहे.

संगमनेरचा मुलगा, ८९ धावा आणि एक पद

नाशिकहून पुण्याला जाताना लागणाऱ्या संगमनेर तालुक्यात आश्वी खुर्द नावाचं गाव आहे. अजिंक्य रहाणेचा जन्म तिथला. वाढला डोंबिवलीत, लोकलने क्रिकेटची मोठी बॅग घेऊन मुंबई गाठणाऱ्या मुलांपैकी एक. त्याची मोठी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारत ३६ धावांत गारद झाला, विराट कोहली बाळाच्या जन्मासाठी मायदेशी परतला आणि संघाची सूत्रं रहाणेकडे आली. मेलबर्नला त्याने ११२ केल्या, सिडनीची कसोटी वाचवली आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनला गॅबाचा गड पडला. रहाणेने एकूण सहा कसोटींत भारताचं नेतृत्व केलं. चार जिंकल्या, दोन अनिर्णित राहिल्या. हरली एकही नाही.

आणि तरी त्याच वर्षाच्या शेवटी, ८ डिसेंबर २०२१ रोजी, त्याचं कसोटीचं उपकर्णधारपद गेलं. बॅटीतून धावा येत नव्हत्या, त्यामुळे निर्णय चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये केपटाउनची कसोटी खेळून तो संघाबाहेर गेला. पुढे बीसीसीआयचा वार्षिक करारही गेला.

मग २०२३ चं आयपीएल आलं. चेन्नईकडून रहाणे असा काही खेळला की तोच हा का, असं लोक विचारू लागले. ३२६ धावा, स्ट्राइक रेट १७२. तेव्हाच श्रेयस अय्यर पाठीच्या दुखण्याने बाहेर होता. कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी मधल्या फळीत माणूस हवा होता. सुमारे १७ महिन्यांनी रहाणेला बोलावणं आलं. ओव्हलवर ऑस्ट्रेलियासमोर भारताची अवस्था ४ बाद ७१ झालेली असताना तो खेळपट्टीवर होता. बोटाला चेंडू लागला, तरी ८९ केल्या. दुसऱ्या डावात ४६. भारत २०९ धावांनी हरला, पण पुनरागमन म्हणतात ते याला.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. जागा रिकामी होती, माणूस फॉर्मात होता, त्याने धावा केल्या.

गडबड पुढे झाली. काही दिवसांतच वेस्ट इंडीज दौऱ्याचा संघ जाहीर झाला आणि रहाणेच्या नावापुढे लिहिलं होतं: उपकर्णधार. ३५ वर्षांचा, नुकताच एक सामना खेळलेला खेळाडू थेट उपकर्णधार. सौरव गांगुलीने तेव्हाच जाहीरपणे विचारलं होतं की दीड वर्ष बाहेर असलेल्या खेळाडूला एका कसोटीनंतर लगेच हे पद देण्यामागचा विचार कळत नाही. प्रश्न रास्त होता. उपकर्णधारपद म्हणजे साधारणपणे 'उद्या हा नेतृत्व करेल' अशी खूण. रहाणेला उद्याचा कर्णधार करायचं आहे असं तर कोणीच म्हणत नव्हतं. मग पद कशासाठी? अनुभवाचा मान म्हणून? की तरुणांपैकी कोणाची निवड करायची हे ठरत नव्हतं म्हणून?

वेस्ट इंडीजमध्ये त्याला दोन डाव मिळाले. ३ आणि ८. पुढच्या कसोट्या थेट डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत होत्या. त्या संघात रहाणे नव्हता.

आता यातला एक तपशील बघा, जो मला सगळ्यात बोलका वाटतो. रहाणेला उपकर्णधार केलं तेव्हा निवड समितीला पूर्णवेळ अध्यक्ष नव्हता. चेतन शर्मा यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये स्टिंग ऑपरेशननंतर राजीनामा दिला होता आणि शिवसुंदर दास हंगामी काम पाहत होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ४ जुलैला, अजित आगरकर अध्यक्ष झाले. पद एका समितीने दिलं, नाव दुसऱ्या अध्यक्षाच्या काळात वगळलं. पहिल्यांनी काय विचार केला होता याचं ओझं दुसऱ्यांवर कशाला असेल? यात कोणी दुष्टपणा केला असं नाही. आधीच्या निर्णयाची आठवण ठेवणारी व्यवस्थाच नाही, एवढंच.

कर्णधार नेमतं कोण?

बऱ्याच जणांना वाटतं की कर्णधार संघ निवडतो. भारतात तसं नाही. पाच जणांची निवड समिती संघ निवडते आणि कर्णधारही तीच नेमते. कर्णधार आणि प्रशिक्षकाचं मत घेतलं जातं, पण त्यांना मताधिकार नाही. मैदानात उतरणारे अकरा जण मात्र तिथे हजर असलेलं संघ व्यवस्थापन ठरवतं. म्हणजे तुम्हाला दौऱ्यावर नेणारा वेगळा, खेळवणारा वेगळा आणि घरी पाठवणारा पुन्हा पहिलाच.

उपकर्णधारपदाचं तर आणखीच विचित्र. काही मालिकांत उपकर्णधार जाहीरच केला जात नाही. त्यामुळे ही खुर्ची कधी बक्षीस असते, कधी परीक्षा, कधी नुसतीच सोय.

या रचनेत माजी कर्णधाराला निरोप द्यायचा किंवा परत बोलवायचं असेल तर फोन कोणी करायचा? डिसेंबर २०२१ मध्ये हे सगळ्या देशाने पाहिलं. कोहलीचं वनडे कर्णधारपद गेलं. गांगुली तेव्हा बीसीसीआयचे अध्यक्ष होते. टी-ट्वेंटीचं कर्णधारपद सोडू नको अशी विनंती आपण कोहलीला केली होती, असं ते म्हणाले. कोहलीने पत्रकार परिषदेत सांगितलं की अशी विनंती कोणीच केली नव्हती आणि वनडेचा निर्णय त्याला निवड समितीच्या बैठकीच्या दीड तास आधी कळला. दोघांपैकी कोण खरं बोललं यावर आजही भांडणं होतात. मला तो वाद गौण वाटतो. जगातल्या सगळ्यात श्रीमंत क्रिकेट मंडळात कर्णधाराला कोणी, कधी, काय सांगितलं याबद्दल दोन कहाण्या असू शकतात, हीच बातमी होती.

पतौडी आणि वाडेकर: पन्नास वर्षांपूर्वीचा हाच पेच

हे सगळं सोशल मीडियामुळे झालं, पूर्वी असं नव्हतं, असं वडीलधारी मंडळी सांगतात. त्यांना १९७१ ची आठवण करून द्या.

त्याआधी १९६८ चं एक चित्र. भारताने परदेशातली पहिली मालिका न्यूझीलंडमध्ये जिंकली, ३-१ अशी. कर्णधार मन्सूर अली खान पतौडी. वेलिंग्टनच्या कसोटीत दोन मराठी माणसं चमकली. अजित वाडेकरने १४३ धावा केल्या आणि बापू नाडकर्णींनी दुसऱ्या डावात ४३ धावांत सहा बळी घेतले. नाडकर्णी जन्माने नाशिकचे. १९६४ मध्ये मद्रासला सलग २१ षटकं निर्धाव टाकणारे तेच, आणि तेव्हाही कर्णधार पतौडीच होते. म्हणजे वाडेकर हे पतौडींच्या हाताखाली वाढलेले फलंदाज.

जानेवारी १९७१ मध्ये वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी कर्णधार निवडायचा होता. समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकलं. देश चकित झाला. कुजबुजही झाली. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी मर्चंट कर्णधारपदाच्या शर्यतीत होते आणि ते पद थोरल्या पतौडींना मिळालं होतं, त्याचा हा हिशेब चुकता केला, असं लोक म्हणाले. म्हणोत बिचारे. मर्चंट तरुण खेळाडूंच्या मागे उभे राहणारे निवडकर्ते होते, हेही तितकंच खरं.

पतौडी त्या दौऱ्यावर गेलेच नाहीत. लोकसभेची निवडणूक लढवली, हरले. इकडे वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या. सुनील गावसकर नावाच्या पोराने पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या. पतौडींची गरज संपली असं वाटावं असे ते दिवस.

आणि मग १९७३ च्या जानेवारीत पतौडी परतले. कर्णधार म्हणून नाही, वाडेकरांच्या संघातला एक फलंदाज म्हणून. संस्थानिकांचे किताब तोवर रद्द झाले होते, त्यामुळे धावफलकावर नाव लागलं नुसतं मन्सूर अली खान. इंग्लंडविरुद्धची मालिका १-१ अशी होती. मद्रासच्या तिसऱ्या कसोटीत त्यांनी ७३ केल्या, भारत ४ गडी राखून जिंकला आणि पुढच्या दोन कसोट्या अनिर्णित ठेवून मालिका खिशात टाकली.

विचार करा. एकेकाळचा नवाब, ज्याचं कर्णधारपद एका मताने गेलं, तो आपल्याच जुन्या शिष्याच्या हाताखाली खेळायला येतो. मसाला म्हणाल तर आजच्या कुठल्याही प्रकरणापेक्षा जास्त. तरी ती मालिका भारताने जिंकली. कारण त्यात संदिग्धता नव्हती. मधल्या फळीत फलंदाज हवा होता, तो आला. वाडेकर दोन मालिका जिंकलेले कर्णधार होते, त्यांच्या खुर्चीला धक्का नव्हता. आणि पतौडींना उपकर्णधारपदासारखं अर्धवट काही देऊन कोणी अवघडवलं नाही.

पुढचं वर्ष मात्र वाईट गेलं. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात भारत ३-० असा हरला, लॉर्ड्सवर ४२ धावांत बाद झाला, बिशनसिंग बेदी आणि वाडेकर यांच्यातले खटके बाहेर आले. परतल्यावर वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातही जागा मिळाली नाही. वयाच्या ३३ व्या वर्षी त्यांनी खेळ थांबवला. तीन मालिका जिंकून देणाऱ्या कर्णधाराला एका पराभवानंतर अशा तऱ्हेने घरी बसवलं गेलं. रहाणेबद्दल हळहळणाऱ्यांनी वाडेकरांकडे पाहावं.

मग वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला आणि पतौडींना दुसऱ्यांदा परत बोलावलं, या वेळी कर्णधार म्हणून. बंगळूरची कसोटी भारत हरला, पतौडी जखमी झाले. दिल्लीत वेंकटराघवनने नेतृत्व केलं, तिथेही हार. आणि पुढच्याच, कलकत्त्याच्या कसोटीत वेंकटराघवन बारावा खेळाडू! आधीच्या सामन्यात कर्णधार, पुढच्या सामन्यात पाणी घेऊन मैदानात. आज असं झालं असतं तर आठवडाभर ट्रेंड चालला असता. पतौडी परतले, भारताने कलकत्ता आणि मद्रास जिंकून मालिका २-२ अशी आणली आणि वानखेडेवरच्या पहिल्याच कसोटीत हरून ती गमावली. पतौडींच्या बॅटीतून त्या मालिकेत फारशा धावा आल्या नाहीत. पण त्यांना धावांसाठी बोलावलंच नव्हतं. खचलेल्या संघाला उभं करायला बोलावलं होतं, ते त्यांनी केलं, आणि त्या मालिकेनंतर ते थांबले.

दोन पुनरागमनं, दोन वेगळी कामं. दोन्ही वेळा काम काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं.

गांगुलीच्या बाबतीतही थोडंफार असंच झालं. ग्रेग चॅपेल प्रकरणात २००५ मध्ये कर्णधारपद गेलं, मग संघातली जागा गेली. डिसेंबर २००६ मध्ये राहुल द्रविडच्या नेतृत्वाखाली तो दक्षिण आफ्रिकेत परतला आणि जोहान्सबर्गला नाबाद ५१ केल्या. दक्षिण आफ्रिकेतला भारताचा तो पहिला कसोटी विजय. त्यानंतर तो दोन वर्षं निव्वळ फलंदाज म्हणून खेळला. नोव्हेंबर २००८ मध्ये नागपूरला त्याच्या शेवटच्या कसोटीत धोनीने अखेरची काही षटकं नेतृत्व त्याच्याकडे सोपवलं, आणि ते कोणाला खुपलं नाही.

सचिन तेंडुलकरचं उदाहरण तर इतकं डोळ्यासमोरचं आहे की आपण ते विसरतोच. कर्णधारपद सोडल्यावर तो गांगुली, द्रविड, कुंबळे, धोनी अशा एकेकाच्या हाताखाली दहा-बारा वर्षं खेळला. माजी कर्णधार संघात असला की भांडण ठरलेलंच, हे खोटं आहे.

रोहितचं काय झालं?

आता बीकेसीच्या त्या सकाळकडे परत येऊ. रोहित तिथे का आला होता?

मायदेशात न्यूझीलंडकडून ०-३ असा पराभव झाला होता. ऑस्ट्रेलियात तीन कसोटींच्या पाच डावांत मिळून त्याच्या ३१ धावा झाल्या होत्या. सिडनीच्या शेवटच्या कसोटीत कर्णधार स्वतःच संघाबाहेर बसला, नेतृत्व जसप्रीत बुमराने केलं. मेलबर्नच्या पराभवानंतर ड्रेसिंग रूममध्ये काय बोलणं झालं याच्या बातम्या फुटल्या होत्या. गौतम गंभीरने त्या खोट्या ठरवल्या आणि ड्रेसिंग रूममधली चर्चा तिथेच राहावी असं सुनावलं, पण रोहित खेळणार का या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं नाही. सामना सुरू असताना रोहितला स्वतः टीव्हीवर येऊन सांगावं लागलं की मी फक्त या सामन्यातून बाजूला झालोय, निवृत्त झालेलो नाही. कर्णधाराने स्वतःबद्दलची अफवा स्वतः खोडून काढायची वेळ यावी, याला काय म्हणायचं?

मालिका ३-१ ने गेली. बीसीसीआयने दहा कलमी नियमावली काढली, त्यात देशांतर्गत सामने खेळणं बंधनकारक केलं. म्हणून रोहित रणजीत. ३ आणि २८ धावा. मुंबई जम्मू-काश्मीरकडून पाच गड्यांनी हरली.

या सामन्याची एक किंमत आयुष म्हात्रेने मोजली. विरारचा हा १७ वर्षांचा सलामीवीर त्या हंगामात शतकं ठोकत होता. रोहित आणि यशस्वी जैस्वाल आल्यावर त्याला बाहेर बसावं लागलं. ज्येष्ठांनी रणजी खेळावी ही मागणी योग्यच आहे. नाशिक, सोलापूर, सांगलीच्या मुलांना अशा खेळाडूंविरुद्ध खेळायला मिळालं तर त्यांचंच भलं. पण एका सामन्यापुरते येणारे तारे कोणाच्या तरी जागेवर बसतात, हेही मोजायला हवं. आणि तो तारा कशासाठी आलाय, फॉर्म शोधायला की नियम पाळायला, हे स्पष्ट नसेल तर त्या मुलाला काय समजावणार?

पुढे रोहितने ९ मार्चला चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकून दिली. ७ मे रोजी कसोटीतून निवृत्ती जाहीर केली, इन्स्टाग्रामवर. पाच दिवसांनी कोहलीनेही. शुभमन गिल कसोटी कर्णधार झाला, इंग्लंडमध्ये ७५४ धावा करून मालिका २-२ अशी राखली. आणि ४ ऑक्टोबर २०२५ रोजी आगरकरांच्या समितीने वनडेचं कर्णधारपदही गिलकडे दिलं. ५६ वनडेंत ४२ विजय मिळवणारा, शेवटची स्पर्धा जिंकलेला कर्णधार एका झटक्यात साधा खेळाडू झाला. आगरकरांचं म्हणणं असं की तीन प्रकारांना तीन कर्णधार ठेवणं व्यवहारात जमत नाही. टी-ट्वेंटीत आधीच सूर्यकुमार यादव आहे.

मला विचाराल तर निर्णयात तर्क आहे. २०२७ चा विश्वचषक होईल तेव्हा रोहित चाळिशी ओलांडलेला असेल. गिलला तोवर घडायला वेळ हवा. पण या निर्णयाचा दुसरा अर्धा भाग कोणी बोललं नाही. मग रोहित संघात आहे तो २०२७ पर्यंत, की पुढच्या मालिकेपर्यंत? या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही आणि ती जागा सोशल मीडियाने भरली. पर्थला रोहित ८ धावांवर बाद झाला तेव्हा 'संपला', ॲडलेडला ७३ केल्या तेव्हा 'थांबा जरा', आणि २५ ऑक्टोबरला सिडनीत नाबाद १२१ केल्या तेव्हा 'गिलला हटवा'. भारत ती मालिका १-२ ने हरला, पण मालिकेचा मानकरी रोहित होता, तीन सामन्यांत २०२ धावा. नंतर त्याने सिडनीचा निरोप घेणारी एक ओळ टाकली, तर त्यावरही निवृत्तीच्या चर्चा सुरू झाल्या. बिचाऱ्याला विमानतळावरून फोटोही टाकायची चोरी.

गंमत म्हणजे हाच अनुभव पुढे दुसऱ्या बाजूने गिललाही आला. दोन प्रकारांचा कर्णधार आणि टी-ट्वेंटीचा उपकर्णधार असलेल्या गिलला डिसेंबरमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या संघातूनच वगळलं. उपकर्णधारपदाची खूण किती दिवस टिकते, हे रहाणेने त्याला आधीच सांगितलं असतं.

तीच सिडनी, तोच दिवस, बीकेसीवर

रोहितने सिडनीत शतक ठोकलं त्याच दिवशी, २५ ऑक्टोबरला, मुंबईत बीकेसीवर छत्तीसगडविरुद्धचा रणजी सामना सुरू झाला. मुंबईकडून मधल्या फळीत ३७ वर्षांचा रहाणे उतरला. त्याने १५९ धावा केल्या.

या वेळी तो कर्णधार नव्हता. त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने २०२४ मध्ये ४२ वी रणजी जिंकली आणि त्याच वर्षी २७ वर्षांनी इराणी करंडक आणला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने आपणहून सांगितलं की नवा कर्णधार घडवायची हीच वेळ आहे, मी फलंदाज म्हणून खेळत राहीन. शार्दूल ठाकूरकडे सूत्रं गेली. ना सूत्रांच्या बातम्या, ना रुसवेफुगवे.

छत्तीसगडविरुद्धच्या त्या खेळीनंतर रहाणे पत्रकारांशी मोकळेपणाने बोलला. वय हा निव्वळ आकडा आहे, खेळायची जिद्द महत्त्वाची, असं त्याचं म्हणणं. गेल्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात संघाला आपली गरज होती आणि आपण तयार होतो, असंही तो म्हणाला. त्याच्या बोलण्यातली सल न निवडल्याची होतीच, पण त्याहून मोठी एक तक्रार होती. तुझ्याबद्दल आमचा विचार काय आहे, हे त्याला कोणी येऊन सांगितलंच नव्हतं. ८५ कसोट्या, ५०७७ धावा, सहा सामन्यांत नेतृत्व आणि शून्य पराभव एवढं खात्यावर असलेल्या माणसाला एक फोन आला नव्हता.